घरफोडीचा अलार्म आणि त्यावर रात्रभर जागणारी कंपनी : सोलापुरात पैसे वसूल होतात का?

जुळेकर

मंडळी, सल्ला हवाय. आईबाबा जुळे सोलापुरात राहतात. स्वतःचं घर, खाली तीन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. मी पुण्यात. दिवाळी झाली की दोघं ताईच्या बाळंतपणासाठी तीन महिने बंगळूरला जाणार. म्हणजे अख्खा गड्डा (सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा) घराला कुलूप. त्यात गेल्या महिन्यात मागच्या गल्लीत भरदुपारी एक घर फुटलं. घरचे अक्कलकोटला लग्नाला गेले होते, चार तासांत परत आले तर कपाट उघडं. तेव्हापासून बाबा रात्री दोनदा उठून कडी बघतात.

परवा एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. म्हणाला, "काका, कॅमेरा नुसता बघतो. आमचा माणूस चोवीस तास जागा असतो." दर असा : पॅनेल आणि सेन्सर बसवून ३४ हजार, मग दरमहा ७५० अधिक १८ टक्के जीएसटी, तीन वर्षांचा करार. हिशेब केला तर तीन वर्षांत ६६ हजारांच्या आसपास जातात.

बाबांनी त्याला एकच प्रश्न विचारला : तुमचा माणूस जागा आहे, पण तो आहे पुण्यात. चोर जुळे सोलापुरात. मग दारात येणार कोण? त्यानं चहा संपवला आणि माहितीपत्रक ठेवून गेला.

तर हे नक्की चालतं कसं? पोलिसांना थेट कळतं का? सीसीटीव्ही दोन आहेत, मग हे कशाला? जाणकारांनी लिहा.

शेंगाचटणी

का बे, ६६ हजार? तेवढ्यात खिडक्यांना जाळ्या, दाराला चांगलं कुलूप आणि वर शेजारच्या काकूंना दर दिवाळीला साडी. चावी काकूंकडे दे, रात्री व्हरांड्यातला दिवा त्या लावतील, दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला बंद सांग. झाली की सिक्युरिटी.

हुतात्मावाला

मी स्वतःच मॉनिटरिंग करतो. ऑनलाईन मागवलेला वायफायचा संच, दाराला मॅग्नेट, हॉलमध्ये एक मोशन सेन्सर. दार उघडलं की मोबाईलवर येतं. महिन्याला शून्य रुपये.

आता खरं तेही सांगतो. मार्चमध्ये हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला चाललो होतो. मध्ये रेंज गेली, आली तेव्हा मोबाईलवर मेसेज : चाळीस मिनिटांपूर्वी मागचं दार उघडलं. घरी फोन, कुणी उचलेना. शेजाऱ्यांना फोन, ते मंगल कार्यालयात. दौंडपर्यंत पोटात गोळा. शेवटी कळलं की भांडी घासणाऱ्या मावशींनी विसरलेला डबा न्यायला दार उघडलं होतं. चोर असता तर तो एव्हाना अक्कलकोट रोडला लागला असता.

नवीपेठ_वायरमन

पंधरा वर्षं हेच काम करतोय. सराफ, पतसंस्था, गोडाऊन आणि हल्ली बंगले. सविस्तर लिहितो, कारण विक्रेते अर्धवट सांगतात.

घरात एक पॅनेल असतं. दारं-खिडक्यांना मॅग्नेट, खोलीत पीआयआर (हालचाल ओळखणारा सेन्सर), वाटलं तर कपाटाला व्हायब्रेशन सेन्सर, स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर, पलंगाजवळ पॅनिक बटण. प्रत्येकाला झोन नंबर. बाहेर पडताना कोड दाबून आर्म म्हणजे चालू करायचं, मग बाहेर पडायला तीसेक सेकंद मिळतात. आत आल्यावरही तेवढेच, तेवढ्यात कोड नाही दाबला तर हूटर.

मॅग्नेट अगदी साधी वस्तू. चौकटीवर काचेच्या नळीत दोन पत्र्या, दारावर लोहचुंबक. चुंबक लांब गेलं की पत्र्या सुटतात आणि सर्किट तुटतं. पीआयआर कॅमेरा नव्हे, तो फक्त उष्णता हलताना ओळखतो. आता आपल्या गावची गंमत ऐका. माणसाच्या अंगाची उष्णता आणि खोलीची उष्णता यांत फरक असेल तरच पीआयआरला माणूस दिसतो. मे महिन्यात दारं-खिडक्या बंद असलेल्या स्लॅबच्या घरात ३८-३९ अंश असताना स्वस्तातला पीआयआर आंधळा होतो. म्हणून सोलापुरात टेंपरेचर कॉम्पेन्सेशन (खोलीच्या तापमानाप्रमाणे स्वतःला जुळवून घेणं) असलेला घ्या, नाहीतर पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (लहरी सोडून हालचाल ओळखणारा) दोन्ही एकत्र असलेला. शे-दोनशेचा फरक नाही, जास्त पडतो, पण घ्या.

आता मॉनिटरिंग. हूटर वाजला की पॅनेल कंपनीच्या कंट्रोल रूमला निरोप पाठवतं. हा निरोप शब्दांत नसतो, आकड्यांत असतो. जुनी आणि अजून सगळीकडे चालणारी पद्धत म्हणजे कॉन्टॅक्ट आयडी. चार आकडी खातं नंबर, मग घटना नवी की पूर्ववत झाली ते सांगणारा १ किंवा ३, मग तीन आकडी कोड, शेवटी झोन. १३० घरफोडी, ११० आग, १२० पॅनिक, ३०१ लाईट गेली, ३०२ बॅटरी उतरली. आणि ६०२ म्हणजे रोजची हजेरी, "मी जिवंत आहे". ही हजेरीच तुम्ही विकत घेता. चोरानं आधी वायर कापली किंवा सिमला जॅमर लावला तर १३० येणारच नाही. हजेरी चुकली म्हणून कुणी विचारपूस केली तरच कळेल. तेव्हा विक्रेत्याला विचारा : हजेरी किती वेळानं जाते? दिवसातून एकदा असेल तर जॅमरवाल्या चोराला दिवस मिळाला. दर काही मिनिटांनी असेल आणि इंटरनेट अधिक सिम असे दोन रस्ते असतील, तर बोला.

सिमवरून एक. जुन्या पॅनेलमध्ये २जीचं मॉड्यूल असतं. त्यात जिओ चालत नाही, कारण जिओला २जी नाहीच. कितीतरी लोक घरातलं पडून असलेलं सिम टाकतात आणि मला फोन करतात. शिवाय त्या सिमचं रिचार्ज कोण करणार हे करारात लिहून घ्या. होटगी रोडच्या एका घरी गेलो, पॅनेल चकाचक, सिम आठ महिने मेलेलं. मालक दर महिन्याला पैसे भरत होते.

माहेरवाशीण

म्हणजे आठ महिने हजेरी येत नव्हती आणि कंट्रोल रूममधून कुणी विचारलं नाही? मग जागा माणूस कशाला म्हणायचं त्याला!

नवीपेठ_वायरमन

बरोबर बोललात. म्हणूनच म्हणतो, बसवल्यावर महिन्याभरात मुद्दाम राऊटर आणि सिम दोन्ही काढून ठेवा आणि फोन येतो का बघा. नाही आला तर करार मोडायला तेवढं पुरे.

रात्रपाळी

मी चार वर्षं पुण्यात अशाच एका कंट्रोल रूमला होतो. रात्री १० ते सकाळी ६. आता सोडलं, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

स्क्रीनवर रांग असते. आग आणि पॅनिक वर, घरफोडी त्याखाली, लाईट-बॅटरी तळाला. १३० आला की खातं उघडतं : पत्ता, झोन ३ म्हणजे मागचं दार, फोनची यादी. पहिला फोन घरी किंवा मालकाला. तो उचलतो आणि परवलीचा शब्द सांगतो. चुकीचा शब्द सांगितला तर "ठीक आहे सर" म्हणून ठेवायचं आणि लगेच मदत पाठवायची, कारण त्याच्या मानेवर कुणी सुरा धरलेला असू शकतो. उचलला नाही तर दुसरा नंबर. मग यादीतला शेजारी. मग पोलीस.

पोलिसांना थेट काही जात नाही, हे नीट समजून घ्या. आम्हीच माणसासारखा फोन करायचो. ११२ लावला की आधी सांगावं लागायचं, मी पुण्याहून बोलतोय पण घर सोलापुरात आहे. म्हणून गावातल्या ठाण्याचा नंबर खात्यात लिहून ठेवणं शहाणपणाचं. तुमच्या भागाला विजापूर नाका ठाणं लागतं की दुसरं, ते स्वतः बघून घ्या. कंपनी अंदाजानं टाकते.

आता वेळेचा हिशेब. आत शिरल्यावरचे ३० सेकंद, निरोप पोचायला १०-२० सेकंद, मी रांगेतून उचलेपर्यंत अर्धा-एक मिनिट, दोन फोन म्हणजे आणखी दोन मिनिटं. चौथ्या मिनिटाला कुणीतरी चपला घालतो. तोवर चोर पळालेला असतो, आणि तो माझ्यामुळे नव्हे, हूटरमुळे. मग मी कशाला? हूटर वाजून वाजून बंद पडतो आणि फुटलेलं दार रात्रभर तसंच राहतं, तेव्हा कुणालातरी ते कळावं यासाठी. आणि आग लागली तर. घरफोडीपेक्षा धुराच्या निरोपात माझी जास्त किंमत होती, असं मला अजून वाटतं.

खोटे अलार्म किती? जवळजवळ सगळेच. पाल हा एक नंबरचा गुन्हेगार. पीआयआरच्या भिंगावरून पाल गेली की त्याला ती हत्तीएवढी दिसते. मग पंख्यानं हलणारा पडदा, मांजर, कोड विसरलेले सासरे. दिवाळीत सुतळी बॉम्बनं व्हायब्रेशन सेन्सर. पहाटे तीनला दहावी पाल आली की माणसाचा हात जड होतो, हे नाकारत नाही. अकराव्यांदा पालच असेल असं वाटतं.

ऑस्टिनची_पाहुणी

इथे अमेरिकेत सहा वर्षं मॉनिटरिंगवालं घर होतं, म्हणून लिहिते. पुष्कळ शहरांत अलार्म लावायला परवाना लागतो आणि वर्षात ठरावीक वेळा खोटा वाजला की दंड. अमेरिकेच्या न्याय खात्यानं पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत खोट्या अलार्मचं प्रमाण ९४ ते ९८ टक्के दिलंय. सॉल्ट लेक सिटीनं २००० साली सरळ नियम केला : आधी कुणीतरी प्रत्यक्ष खात्री करा, मगच पोलीस निघतील. तेव्हा कंपन्यांना स्वतःचे गस्तवाले पाठवावे लागले. ब्रिटनमध्येही वर्षात तीन खोटे झाले की त्या घराचा तातडीचा प्रतिसाद काढून घेतात.

सासूबाईंनी देवासमोर धूप घातला आणि अग्निशमन दलाचा बंब दारात, असं आमच्याकडे दोनदा झालंय. दुसऱ्यांदा त्यांनी त्यांना लाडू दिले.

भोंगा

थोडं अवांतर, माफ करा. विजेच्या घरफोडी अलार्मचं पेटंट १८५३ सालचं, ऑगस्टस पोप नावाच्या अमेरिकन माणसाचं. एडविन होम्सनं ते हक्क विकत घेऊन धंदा केला, आणि दुकानांच्या तारा एका मध्यवर्ती कचेरीत आणून तिथे माणूस बसवला. आज एडीटी म्हणतात त्या कंपनीचं मूळ १८७४ मधलं, नावातच टेलिग्राफ होतं. म्हणजे "जागा माणूस" विकण्याचा धंदा टेलिफोनच्याही आधीचा.

मी लहानपणी मिलचा भोंगा ऐकून घड्याळ लावलेला सोलापूरकर आहे. भोंग्यात आणि तुमच्या हूटरमध्ये एकच फरक. भोंगा वाजला की हजारो माणसं घराबाहेर पडायची. हूटर वाजला की लोक खिडकी लावून घेतात.

माहेरवाशीण

शेंगाचटणी, तुमची साडी मान्य, पण एक बोलू का? चावी काकूंकडे, फोनच्या यादीत नंबर काकूंचा. रात्री दोनला कंपनीचा फोन : "मॅडम, झोन ३ वाजलाय, बघून या." काकू बासष्टच्या, काका झोपेच्या गोळीवर. त्या एकट्या बॅटरी घेऊन जाणार? आत खरंच कुणी असेल तर? माझ्या आईवर हीच वेळ आली होती. ती गेली, कुंपणाशी उभी राहून ओरडली, मांजर निघालं. पण महिनाभर तिची झोप उडाली. शेजाऱ्यांच्या जिवावर आपण सिक्युरिटी करतो आणि त्यांना विचारतही नाही.

शेंगाचटणी

हे पटलं बे. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

रात्रपाळी

ताई बरोबर आहेत. यादीतल्या माणसाला स्पष्ट सांगा : आत जायचं नाही, फाटकही उघडायचं नाही. आपल्या घरातले सगळे दिवे लावायचे, गच्चीवरून बघायचं, दार फुटलेलं दिसलं तर ११२. शेजारी एक नको, दोन घरं हवीत, एक समोरचं आणि एक मागच्या बाजूचं. चोर गल्लीतून येत नाही, मागून येतो. आणि त्या दोन घरांना आधी एकदा हूटर ऐकवा. नाहीतर कुणाच्या गाडीचा वाजतोय म्हणून कूस बदलतील.

सर्वेअर

विम्याच्या बाजूनं थोडक्यात. भारत गृह रक्षा (१ एप्रिल २०२१ पासून आलेली) घेतली म्हणजे चोरीचा विमा झाला असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. आग, पूर अशा घटनेपाठोपाठ सात दिवसांत झालेली चोरी त्यात येते. सरळ घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. त्यात कुलूप तोडल्याच्या, खिडकी उचकटल्याच्या खुणा लागतात. चावीनं उघडून नेलं तर भांडण. घर सलग किती दिवस बंद राहिलं तर चालतं याची मर्यादाही पॉलिसीत असते, तीन महिने जाणार असाल तर ते कलम आधी वाचा आणि कंपनीला लेखी कळवा.

दागिने लॉकरमध्ये ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२२ पासून बँकेत चोरी-दरोडा झाला किंवा कर्मचाऱ्यानं फसवलं तर वार्षिक भाड्याच्या शंभरपट भरपाई बँकेला द्यावी लागते. दोन हजार भाडं असेल तर दोन लाख, सोन्याच्या आजच्या भावात फार नाही, पण कपाटापेक्षा बरं.

आणि मॉनिटरिंगच्या करारातलं शेवटचं पान वाचा. चोरी झालीच तर कंपनीची जबाबदारी किती, ते तिथे बारीक अक्षरात असतं. बहुधा काही महिन्यांच्या वर्गणीएवढी.

जुळेकर

सगळ्यांचे आभार. शनिवारी विक्रेत्याला परत बोलावलं, वायरमनदादांची यादी हातात घेऊन. हजेरी : दिवसातून एकदा. रस्ता : फक्त सिम. गस्तवाला : पुणे आणि मुंबईत आहे, सोलापुरात "लवकरच". करार सोडला तर पॅनेलचा इन्स्टॉलर कोड (सेटिंग बदलायचा कोड) देणार का? नाही. म्हणजे करार संपला की ३४ हजारांचा डबा भिंतीवर, दुसऱ्या कुणाला जोडताही येणार नाही. बाबा म्हणाले, "ह्याच्यापेक्षा गुरखा बरा, निदान शिट्टी तरी ऐकू येते."

पण अलार्म नको असं मात्र घरात कुणी म्हणत नाही. आईला धुराचा डिटेक्टर हवाच आहे, तिला गॅसची भीती चोरापेक्षा जास्त. आणि मी एकटा मोबाईलवर बघणार म्हणजे हुतात्मावाल्यांचं पोटातलं गोळाप्रकरण.

नवीपेठ_वायरमन

मग मधला रस्ता सांगतो. पॅनेल स्वतःच्या मालकीचं घे, इन्स्टॉलर कोड लिहून घे, वायफाय आणि ४जी सिम दोन्ही असलेलं. निरोप एकट्याला नको, चौघांना जाऊ दे : तू, ताई, समोरचं घर, मागचं घर. मॉनिटरिंग तीन वर्षांचं नको, वर्षाचं किंवा महिन्याचं देणाऱ्याकडून घे, तेही आईबाबा बाहेर असतील तेवढंच. हजेरीचा वेळ करारात लिहून घे.

बॅटरीकडे लक्ष. बहुतेक पॅनेलमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची असते, लाईट गेल्यावर साधारण दिवसभर पुरते. पण आपल्याकडच्या उन्हात ती लवकर मरते, ८-१० अंश जास्त तापमानाला आयुष्य निम्मं धरा. जिन्याखालच्या कोंदट कोनाड्यात पॅनेल ठेवू नको. दोन-अडीच वर्षांनी बॅटरी बदलायचीच, चालत असली तरी.

हुतात्मावाला

चौघांचा गट ही आयडिया मस्त. मीही करतो.

जुळेकर (साडेचार महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं पुढे काय झालं.

वायरमनदादांनी सांगितलं तसंच केलं. पॅनेल आपलं, चार मॅग्नेट, हॉलमध्ये आणि जिन्यात एकेक दुहेरी सेन्सर, स्वयंपाकघरात धुराचा, बाहेर हूटर. बसवून २६ हजार. मॉनिटरिंग तीन महिन्यांपुरतं, दर पंधरा मिनिटांनी हजेरी. जायच्या आदल्या रविवारी समोरच्या काकू आणि मागचे रेल्वेतले काका, दोघांना चहाला बोलावून हूटर ऐकवला. काकूंचा नातू अजून तसाच आवाज काढून दाखवतो.

तीन महिन्यांत चार वेळा वाजला. दोनदा जिन्यातली पाल. एकदा पारवा, वरच्या खोलीची झडप उघडी राहिली होती. चौथा गड्ड्याच्या दिवसांत, शोभेच्या दारूकामाच्या संध्याकाळी. निम्मी गल्ली होम मैदानावर, काकूसुद्धा. मागच्या दाराचा झोन. कंट्रोल रूमचा फोन मला आला, मी मीटिंगमध्ये, ताईनं उचलला. रेल्वेतल्या काकांनी गच्चीवरून बघितलं : कडीला पहार लावलेली, चौकट चिरलेली, माणूस नाही. ११२ ला फोन केला, पोलीस येऊन पंचनामा करून गेले. आत काही गेलं नाही. तसंही आत नेण्यासारखं आईचा मिक्सर सोडून काही नव्हतं.

पळाला तो हूटरनंच, रात्रपाळी म्हणतात तसं. पण दार त्या रात्री उघडं राहिलं नाही. काकांनी नऊच्या आत सुतार आणला.

आईबाबा परत आलेत. वर्गणी बंद केली, पण बाबांना आता हजेरीची सवय लागलीय. बंगळूरला असताना रोज रात्री मला विचारायचे, "आज ६०२ आला का रे?" आता घरात बसूनही विचारतात.

नवीपेठ_वायरमन

जिन्यातला सेन्सर मीच बसवलाय, त्याच्या मागे वायर शिरते ते भोक सिलिकॉननं बुजवायचं राहिलंय. पाल तिथूनच आत जात असणार. रविवारी जुळेतच काम आहे, येऊन जातो. काकांना सांग, चौकट बदलली असेल तर मॅग्नेटही परत जुळवावा लागेल. तोवर मागचा झोन बायपास करू नका, म्हणजे अलार्ममधून वगळू नका म्हणावं.